अरीयपगाच्या खडकावर

अथेन्स नगरीत आक्रोपोलिसच्या वायव्येस एक उघडाबोडका खडक आहे. शतकानुशतकांच्या पावलांनी तो इतका गुळगुळीत झाला आहे की चढताना जपून पाय टाकावा लागतो. याचे नाव अरीयपग, म्हणजे आरेसची टेकडी. आरेस हा ग्रीकांचा युद्धदेव. समुद्रदेव पोसायडनच्या मुलाने आरेसच्या कन्येवर हात टाकला, आरेसने त्याला ठार मारले, आणि मग सर्व देवांनी या टेकडीवर बसून आरेसवर खुनाचा खटला चालवला, अशी पुराणकथा आहे. आरेस निर्दोष सुटला. इतर अनेक राष्ट्रांच्या पुराणांत देव युद्ध करतात, शाप देतात, वर देतात. पण देवालाच आरोपीच्या जागी उभे करून दोन्ही बाजू ऐकून घेण्याची कल्पना ग्रीकांना सुचली, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते.

याच टेकडीची दुसरी कथा अधिक थोर आहे. इ.स.पू. ४५८ मध्ये एस्किलस या नाटककाराने ती अथेन्सच्या रंगभूमीवर आणली. ट्रॉयचे युद्ध जिंकून परतलेल्या आगामेम्नॉन राजाचा त्याच्याच राणीने वध केला. पित्याच्या खुनाचा सूड घेणे हे पुत्राचे कर्तव्य आणि मातेचा वध हे महापातक. अपोलो देवाच्या आज्ञेवरून पुत्र ओरेस्तेस मातेला मारतो आणि सूडदेवता त्याच्या पाठीस लागतात. त्या वृद्ध आहेत, भयंकर आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटेही नाही. खुनाबद्दल खून, त्याबद्दल पुन्हा खून, ही साखळी तुटावी कशी? अथेना देवी स्वतः निकाल देत नाही. ती अथेन्सच्या नागरिकांमधून पंच निवडते आणि अरीयपगावर न्यायालय स्थापन करते. मते समसमान पडतात, अथेनाच्या मताने आरोपी सुटतो. परंतु नाटक तेथे संपत नाही. हरलेल्या सूडदेवतांची समजूत घालण्यात अथेना बराच वेळ खर्च करते, त्यांना टेकडीच्या पोटात मानाचे स्थान देते आणि त्या नगरीच्या कल्याणदेवता होतात. न्याय झाल्यावर पराभूताचाही मान राखावा लागतो, हे त्या नाटककाराला अडीच हजार वर्षांपूर्वी कळले होते.

याच नाटकातील एक संवाद मला येथे वाचकांच्या ध्यानी आणून द्यायचा आहे. खटल्याच्या ओघात अपोलो म्हणतो की, माणसाचे रक्त एकदा मातीत मुरले, माणूस एकदा मेला, की त्याला पुन्हा उठणे नाही. त्यावर माझ्या पित्याजवळही, देवराज झ्यूसजवळही, उपाय नाही. ‘पुन्हा उठणे’ यासाठी एस्किलसने वापरलेला ग्रीक शब्द आहे ‘अनास्तासिस’. सुमारे पाचशे वर्षांनी, इ.स. ५० च्या आसपास, तार्सस शहरचा एक यहुदी याच अरीयपगापुढे उभा राहिला आणि त्याने नेमका हाच शब्द उच्चारला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात संत लूकने हा प्रसंग लिहिला आहे. ‘अनास्तासिस’ हा शब्द कानी पडताच काही श्रोते हसले, असे तो सांगतो. त्यांच्या हसण्यात केवळ उद्धटपणा होता असे मला वाटत नाही. त्याच टेकडीवर त्यांच्या देवाने जे अशक्य म्हणून सांगितले होते, ते हा परका माणूस घडून गेले म्हणून सांगत होता.

(पौल प्रत्यक्ष टेकडीवर उभा होता, की अरीयपग नावाच्या न्यायसभेपुढे खालच्या बाजारपेठेत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नाव दोहोंचे एकच असल्यामुळे संत लूकच्या शब्दांवरून निर्णय होत नाही.)

पौल तेथे आला कसा? मूर्तींनी भरलेली ती नगरी पाहून त्याचा जीव कासावीस झाला होता आणि बाजारात भेटेल त्याच्याशी तो वाद घालीत होता. तत्त्वज्ञांनी त्याला एक शेलके विशेषण बहाल केले. इकडचे तिकडचे दाणे टिपणारा पक्षी, असा त्याचा अर्थ. काहींना वाटले की हा येशू आणि अनास्तासिस नावाची देवी, अशा दोन नव्या देवतांचा प्रचारक असावा. पुनरुत्थानाला त्यांनी देवी समजावे हे आज आपल्याला विनोदी वाटते. परंतु विजय, शांती, भाग्य, आरोग्य यांना देवीरूपात भजणाऱ्या लोकांनी आणखी काय समजावे? शिवाय, नवी दैवते आणतो हा आरोप अथेन्समध्ये साधा नव्हता. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विषाचा प्याला प्यावा लागला, तेव्हा त्याच्यावरील आरोपांत हाही एक होता. संत लूकला हे ठाऊक असणार. त्याचे वर्णन वाचताना सॉक्रेटिसची आठवण व्हावी अशीच त्याची योजना दिसते.

ग्रीक धर्म म्हणजे काय होता, हे आपल्या सवयीच्या चौकटीतून पाहिले तर नीट समजत नाही. त्यांना एक पवित्र ग्रंथ नव्हता, मतांगिकार नव्हता, धर्मगुरूंचे प्रशिक्षण नव्हते. होमर आणि हेसिओड यांच्या काव्यांतून देवांची ओळख होई, पण त्या काव्यांवर श्रद्धा ठेवण्याचे बंधन कोणावर नव्हते. धर्म म्हणजे कृती: वेदीवर पशूचा बळी द्यायचा, हाडे व चरबी देवांसाठी जाळायची आणि मांस सर्वांनी मिळून खायचे. नगर, कुटुंब, शेत, नौका, खेळाचे मैदान, नाटकाचे प्रेक्षागार, सर्वांवर कोणा ना कोणा देवाचा अधिकार. ऑलिम्पिकचे सामने झ्यूससाठी आणि शोकांतिका दिओनिसस या द्राक्षदेवासाठी. एखाद्या देवाचा मान राहून गेला तर? ही भीती मात्र खरी होती.

तिसऱ्या शतकातील दिओगेनेस लायर्तियस या लेखकाने दिलेली कथा पाहा. अथेन्समध्ये महामारी पसरली. सर्व देवांना आळवून झाले, गुण येईना. तेव्हा क्रीट बेटावरून एपिमेनिदेस या साधुपुरुषाला आणण्यात आले. (हा म्हणे तरुणपणी गुहेत सत्तावन्न वर्षे झोपला होता. आपल्याकडे मुचकुंदाची गुहा प्रसिद्ध आहेच, आणि त्या कथेत त्याची झोपमोड करणारा कालयवन आहे!) एपिमेनिदेसने काळी आणि पांढरी मेंढरे अरीयपगावर नेली आणि तेथून मोकळी सोडली. जेथे जे मेंढरू बसले तेथे, त्या जागेचा जो कोणी देव असेल त्याला, ते अर्पण करण्यात आले. महामारी शमली, आणि अथेन्सच्या परिसरात नाव नसलेल्या वेद्या राहिल्या. पौलाने पाहिलेली ‘अज्ञात देवा’ची वेदी याच प्रकारची असावी. संत जेरोमचे म्हणणे असे की मूळ लेखात अनेक अज्ञात व परक्या देवांचा उल्लेख होता आणि पौलाने सोयीसाठी एकवचन केले. असेलही. एक नाव सुटले असावे ही जाणीव त्या वेदीत होती, आणि पौलाने नेमके तिलाच हात घातला.

देवांविषयीची ही मोकळीक ग्रीकांनी आपल्या देशातही आणली. मध्यप्रदेशातील विदिशेजवळ हेलिओदोरसने उभारलेला गरुडस्तंभ इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरचा आहे. तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा हा वकील स्वतःला वासुदेवाचा भक्त म्हणवितो. आपल्या कार्ल्याच्या लेण्यांत ‘यवन’ दात्यांनी दिलेले स्तंभ आहेत आणि त्यांवर त्यांची नावे कोरली आहेत. पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे येतात. या व्यापाऱ्यांना परदेशी देवापुढे हात जोडण्यात काहीच वावगे वाटत नसे. पौलाची अडचण येथेच होती. त्याचा देव दुसऱ्यांच्या रांगेत बसणारा नव्हता.

तरीही भाषण सुरू करताना त्याने निंदेने सुरुवात केली नाही. हाताने बांधलेल्या मंदिरात देव राहत नाही, त्याला माणसाच्या सेवेची गरज नाही, हे विचार त्याच्या श्रोत्यांपैकी स्टोइक मंडळींना नवे नव्हते. ग्रीकांमधील विचारवंतांनी आपल्या पुराणांची झडती फार पूर्वीच घेतली होती. क्सेनोफानेसने इ.स.पू. सहाव्या शतकात म्हटले होते की, बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी आपापल्या आकाराचे देव काढले असते. व्यभिचार करणाऱ्या, खोटे बोलणाऱ्या देवांच्या कथा मुलांच्या कानी पडू नयेत, म्हणून प्लेटोने आपल्या आदर्श नगरातून त्या हद्दपार केल्या. मग पौलाने एका ग्रीक कवीचा आधार घेतला. मानव हा देवाचाच वंश आहे, या आशयाची ओळ आरातस या कवीच्या नक्षत्रांवरील काव्यात आहे. आरातस किलिकियाचा, म्हणजे पौलाच्याच प्रांतातला. आणि त्या काव्यात ज्याचा वंश म्हटले आहे तो देव आहे झ्यूस!

पौलाचे हे धाडस आपण पुरेसे लक्षात घेत नाही. झ्यूसच्या स्तुतीतील शब्द घेऊन त्याने ते येशूच्या पित्याला लावले. हाच पौल करिंथकरांना लिहिताना मेनांदर या विनोदी नाटककाराचे वचन वापरतो, आणि तीताच्या पत्रात क्रीटच्या लोकांविषयी आलेले बोचरे वाक्य प्राचीन परंपरा वर उल्लेखिलेल्या एपिमेनिदेसचेच मानते.

पुराणकथेचा फटकाही त्याला बसला होता. लुस्त्र गावी एका पांगळ्याला त्याने उठवले, तेव्हा लोकांनी बर्णबाला झ्यूस आणि बोलका म्हणून पौलाला हर्मीस ठरवले. पुजारी बैल आणि माळा घेऊन आला. हा वेडेपणा अकस्मात उद्भवलेला नव्हता. त्याच मुलखाची एक कथा रोमन कवी ओव्हिडने सांगितली आहे. झ्यूस आणि हर्मीस वाटसरूंच्या वेषात हजार दारांवर गेले आणि हजार दारे बंद झाली. बौकिस आणि फिलेमोन या म्हाताऱ्या दांपत्याच्या झोपडीत मात्र त्यांना जागा मिळाली. म्हातारीने डुगडुगणाऱ्या मेजाच्या आखूड पायाखाली खापरीचा तुकडा सारला, भाजी चिरली, परसातले एकुलते एक हंस पक्षी कापायला दोघे धडपडू लागले. सुरईतला द्राक्षारस ओतला तरी संपेना, तेव्हा त्यांना पाहुण्यांची ओळख पटली. बाकीचे गाव जलमय झाले. त्या दोघांनी वर मागितला तो एवढाच, की एकाला दुसऱ्याची थडगी पाहावी लागू नये. दोघांची शेजारी शेजारी झाडे झाली. ज्या लोकांच्या लहानपणी ही कथा कानी पडली असेल, ते दुसऱ्यांदा तीच चूक कशी करतील? आब्राहामाने मम्रेच्या झाडाखाली तीन पाहुण्यांची केलेली सेवा ज्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकात वाचली आहे, त्यांना ही कथा परकी वाटू नये. पौलाने मात्र आपली वस्त्रे फाडली. कथेतील सौजन्य त्याला नाकारायचे नव्हते, पूजा नाकारायची होती.

अथेन्समध्ये पौल अपयशी ठरला, म्हणून पुढे करिंथमध्ये त्याने तत्त्वज्ञान सोडून केवळ क्रूसाचा संदेश दिला, असे प्रवचनांतून पुष्कळदा सांगितले जाते. मला ते पटत नाही. संत लूकने हे भाषण एवढ्या आस्थेने नोंदवले, ते काय फसलेला प्रयोग म्हणून? आणि दोन नावे तो देतो: दामारी नावाची स्त्री आणि न्यायसभेचा सदस्य दिओनिसियस. या दुसऱ्याच्या नावातच द्राक्षदेव दिओनिसस बसलेला आहे. त्याने नाव बदलले असे कोठे लिहिलेले नाही. पुढे सुमारे इ.स. ५०० च्या सुमारास एका अज्ञात ख्रिस्ती लेखकाने हेच नाव धारण करून ग्रंथ लिहिले, आणि देवदूतांचे नऊ गण आपण ज्या क्रमाने मोजतो तो क्रम त्याचाच आहे. आपल्या धर्मग्रामांतील डेनिस हे नाव तेथूनच येते. जॉर्ज म्हणजे शेतकरी, स्टीफन म्हणजे मुकुट, फिलीप म्हणजे घोड्यांची आवड असणारा. आपली नामावळी उघडली की अर्धे ग्रीस बाहेर पडते.

अन्य धर्मीयांच्या पुराणकथा आपल्या मुलांनी वाचाव्यात का, हा प्रश्न आजही पालक विचारतात. पुस्तक ग्रीक असो की भारतीय, शंका तीच असते. ख्रिस्तसभेत हा वाद पहिल्या तीन-चार शतकांत कडाक्याने झाला. अथेन्सचा यरुशलेमशी संबंधच काय, असा रोखठोक सवाल तेर्तुलियनने केला. त्याच्या आधी संत जस्टिनने उलट मत मांडले होते: शब्दाची, म्हणजे ख्रिस्ताची, बीजे सर्व मानवजातीत विखुरलेली आहेत आणि सॉक्रेटिससारखे विवेकाने जगलेले लोक एका अर्थाने ख्रिस्तीच होते. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट तर ओडिसियसची कथाच उचलतो. सायरन नावाच्या गाणाऱ्या राक्षसिणींच्या मोहातून वाचण्यासाठी ओडिसियसने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले. तसा ख्रिस्ती माणूस क्रूसाच्या लाकडाला बांधलेला असला की वादळातून तरतो.

या वादाला खरी धार आली ती इ.स. ३६२ मध्ये. चौथ्या शतकाच्या मध्यास कप्पदुकियाचे दोन तरुण, बाझिल आणि ग्रेगरी, अथेन्समध्ये शिकत होते. सम्राट कॉन्स्टंटाइनचा पुतण्या ज्युलियनही ३५५ मध्ये तेथे होता. ख्रिस्ती म्हणून वाढलेल्या ज्युलियनने राजसत्ता हाती येताच जुन्या देवांची पूजा पुन्हा सुरू केली. रक्तपात करून ख्रिस्ती लोकांना हुतात्मे बनवण्यापेक्षा त्याने अधिक धूर्त मार्ग काढला. होमर आणि हेसिओड ज्या देवांना मानत होते त्यांना जे मानत नाहीत, त्यांनी होमर शिकवू नये. त्यांनी आपल्या देवळात जाऊन मत्तय आणि लूक शिकवावेत, असा त्याचा फर्मानामागचा युक्तिवाद होता. त्याचा चाहता असलेल्या आम्मियानस या अख्रिस्ती इतिहासकारानेही या हुकमाची निंदा केली आहे.

ज्युलियनचा युक्तिवाद वरवर प्रामाणिक वाटतो. पुष्कळ धर्मनिष्ठ ख्रिस्ती मनातून खूशही झाले असतील. नाहीतरी ती काव्ये त्यांना नकोच होती. परंतु ग्रेगरी संतापला. ग्रीक भाषा आणि विद्या ही ग्रीक देवांची पूजा करणाऱ्यांची खासगी मालमत्ता आहे काय, असा त्याचा प्रश्न होता. आपोलिनारिस नावाच्या पितापुत्रांनी दुसराच उपाय केला. त्यांनी जुन्या करारातील इतिहास होमरच्या वृत्तात बसवला आणि शुभवर्तमानांचे प्लेटोच्या धर्तीवर संवाद केले, म्हणजे ख्रिस्ती मुलांना होमरची गरजच पडू नये! ३६३ मध्ये ज्युलियन पर्शियन मोहिमेत पडला, फर्मान गेले आणि या घाईच्या पुस्तकांचेही नाव उरले नाही. होमर राहिला. बिशप झालेल्या बाझिलने तरुणांसाठी एक छोटा प्रबंध लिहिला. त्यात त्याने मधमाशीचा दाखला दिला आहे: ती सर्व फुलांवर बसत नाही आणि ज्यावर बसते ते सगळेच उचलून नेत नाही. ख्रिस्ती शाळांत तो प्रबंध पुढे हजार वर्षांहून अधिक काळ वाचला गेला.

फादर थॉमस स्टीफन्स यांना ही परंपरा घरचीच होती. १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी त्यांनी मराठी पुराणाचा घाट आणि ओवी निवडली. ते आपोलिनारिसच्या वाटेने गेले असे वाटेल. पण त्यांची ओवी टिकली, कारण ती कोणाची जागा बळकावण्यासाठी लिहिलेली नव्हती.

सर्वच ख्रिस्ती बाझिलसारखे वागले नाहीत, हेही येथे लिहिले पाहिजे. ३९१ च्या सुमारास अलेक्झांड्रियातील सेरापिसचे भव्य मंदिर जमावाने उद्ध्वस्त केले. त्याच नगरीत ४१५ मध्ये हिपाशिया या गणितज्ञ विदुषीला ख्रिस्ती जमावाने रस्त्यात पकडून ठार केले, आणि ती घटना लांच्छनास्पद असल्याचे सॉक्रेटिस नावाच्या ख्रिस्ती इतिहासकारानेच लिहून ठेवले आहे. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने अथेन्सची तत्त्वज्ञानाची शाळा बंद पडली. संत बेनेडिक्टने मोन्ते कासिनो येथे अपोलोची वेदी फोडून मठ बांधला तो परंपरेनुसार याच वर्षी; आणि जुने ग्रंथ नकलून जतन करण्याचे काम पुढे बेनेडिक्टच्याच मठांनी केले. अथेनाच्या पार्थेनॉन मंदिराचे पवित्र मरियेचे चर्च झाले. मिस्साबलिदान तेथे जवळजवळ हजार वर्षे अर्पण होत राहिले. नंतर तुर्कांनी त्याची मशीद केली, आणि १६८७ मध्ये व्हेनिसच्या ख्रिस्ती सैन्याचा तोफगोळा आतल्या दारूसाठ्यावर पडून त्याचे छप्पर उडाले.

वास्तू गेल्या, शब्द मात्र आपण रोज उच्चारतो. बाप्तिस्मा, बिशप, बायबल, ख्रिस्त हे सर्व ग्रीक. ‘एक्लेसिया’ म्हणजे अरीयपगासमोरच्याच प्निक्स टेकडीवर भरणारी अथेन्सच्या नागरिकांची लोकसभा. तोच शब्द ख्रिस्तसभेने घेतला. ‘लितुर्गिया’ म्हणजे श्रीमंत नागरिकाने पदरमोड करून केलेले लोककार्य, मग ते युद्धनौका सज्ज करणे असो वा नाटकाच्या गायकवृंदाचा खर्च उचलणे असो. आज आपण उपासनेला तेच नाव देतो. जनतेसाठी पदरचे काहीतरी खर्च करणे हा त्या शब्दातला मूळ अर्थ आपल्या लितुर्गी समित्यांनी एकदा वाचावा, एवढीच नम्र सूचना.

४ मे २००१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे अथेन्सला गेले. जवळजवळ तेराशे वर्षांत ग्रीसच्या भूमीवर पाय ठेवणारे ते पहिले पोप. त्यांच्या येण्याला अनेक ऑर्थोडॉक्स मठवासीयांचा विरोध होता. १२०४ मध्ये लॅटिन क्रूसयोद्ध्यांनी कॉन्स्टंटिनोपल लुटले होते, ही जखम आठशे वर्षांनीही बुजली नव्हती. आर्चबिशप ख्रिस्तोदुलोस यांच्यासमोर पोपसाहेबांनी कॅथलिकांच्या अपराधांबद्दल देवाकडे क्षमा मागितली, आणि त्यानंतर दोघांचे संयुक्त निवेदन वाचून दाखवण्यासाठी जागा निवडली गेली ती अरीयपगाची. त्या खडकाच्या पायथ्याशी काशाचा एक फलक बसवलेला आहे. पौलाचे संपूर्ण भाषण त्यावर ग्रीक भाषेत कोरले आहे, आणि समोर वर पाहिले की अथेनाचे बिनछपराचे मंदिर दिसते.